माशीवरची चमक

मारुंजीत आम्ही भाड्याने राहायला आलो, तेव्हा टेम्पोतून उतरणाऱ्या सामानात एक काळी, चपटी, कड्या असलेली पेटी होती. घरमालकीणबाई ओट्यावर उभ्या राहून सगळं सामान बघत होत्या. गादी, गॅस, टीव्ही यांत त्यांना काही रस नव्हता. पेटी मात्र त्यांनी लगेच हेरली.

"ह्यात काय वाजवायचं हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू, पिस्तूल आहे."

त्या हसल्या. मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं. मग मी पेटी उघडून दाखवली, तेव्हा त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "सायब, तुमी पोलिसात हायसा का?"

नवरा हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसणारा माणूस. त्याला झुरळ मारायलाही मी लागते. पिस्तूल माझं होतं, आणि तेही हवेचं. कडेचा दांडा ओढून हवा भरायची आणि दहा मीटरवर लावलेल्या कागदाच्या काळ्या गोलावर नेम धरून छर्रा मारायचा, एवढाच त्याचा उपयोग. परभणीला कॉलेजात असताना एनसीसीमुळे मला हा नाद लागला होता. लग्न झालं, हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली, आणि पुण्यातल्या एका प्रशिक्षक सरांकडे दर रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जायला लागले. पिस्तूलही त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने वापरलेलं, त्याने खेळ सोडला तेव्हा माझ्याकडे आलं. दोन हजार चार-पाचची ही गोष्ट.

काकूंनी हळूहळू धीर करून पिस्तूल हातात घेतलं. माझ्या अपेक्षेपेक्षा त्यांना ते नीट धरता आलं. नळीच्या टोकावरच्या बारीक उभ्या पात्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"ही माशी."

"काय?"

"माशी म्हनत्यात हिला. माझ्या सासऱ्याची ठासणीची बंदूक हुती, रानडुकरांपायी. तिला बी हुती. मागनं बगायचं आन् माशी नेमकी जनावरावर आणायची."

इतकी वर्षं मी त्याला फ्रंट साइट म्हणत आले होते. त्या दिवसापासून आमच्या घरात ती माशीच झाली.

हा खेळ ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी एवढंच सांगते. मागच्या बाजूला एक चौकोनी खाच असते आणि पुढे ही माशी. माशी खाचेच्या बरोबर मध्ये यायला हवी, दोन्ही बाजूंनी सारखाच उजेड दिसायला हवा आणि वरची कड मागच्या कडेशी समपातळीत हवी. डोळ्यांनी माशीच स्पष्ट बघायची. समोरचा काळा गोल धूसर दिसला तरी चालतो, दिसायलाच हवा. केसभर इकडेतिकडे झालं की कागदावर बोटभर फरक पडतो. म्हणजे सगळी भिस्त त्या बारीकशा पात्याच्या कडांवर.

काकूंच्या घरामागे एक लांबट गोठा होता. रस्त्याकडची जमीन गेली तशी गुरंही गेली होती, आणि गोठ्यात कांदे, थोडा कडबा आणि एक मोडकी बाज एवढंच उरलं होतं. "रिकामाच पडलाय. हितंच मार की तुजं ते," असं काकू म्हणाल्या आणि माझी सोय झाली. उत्तरेच्या भिंतीला जाड फळी, तिच्यापुढे चिंध्या ठासून भरलेलं खोकं, त्यावर कागद. दाराला लाल फडकं बांधलं की आत कुणी यायचं नाही, हा नियम. काकूंना हा नियम लागू नव्हता. त्या माझ्या मागे बाजेवर बसून लसूण सोलायच्या किंवा डाळ निवडायच्या. माझी शिफ्ट पहाटेच सुरू व्हायची, त्यामुळे कंपनीची बस मला दुपारीच सोडायची आणि अंधार पडायच्या आत तास-दीड तास सराव व्हायचा.

पावसाळा संपेपर्यंत सगळं छान चाललं होतं. दिवाळी झाली आणि माझे छर्रे डावीकडे जायला लागले.

आधी मला वाटलं, मनगट वळतंय. मग वाटलं, बोट चुकीचं दाबलं जातंय. सरांनी रविवारी रेंजवर बघितलं, तर तिथे बरं चाललं होतं. घरी आले की पुन्हा डावीकडे. मग एका दुपारी मी नेम धरलेला असताना नीट लक्ष दिलं. माशीची डावी कड दिसतच नव्हती. तिथे एक पांढुरकी चमक होती, आणि तिच्याभोवती अगदी पुसट, रंगीत असं कडं.

हे कडं मला माहीत होतं. मी स्वतः कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्याबद्दल ऐकत मी मोठी झाले होते.

मी अकरावीत असताना आई संध्याकाळी दिवा लागला की म्हणायची, "बल्बभोवती रंगाचं कडं दिसतंय गं, तुला दिसतंय का?" आम्ही सगळे हसायचो. वडील म्हणायचे, चष्म्याची काच पूस. पुढे तिचं डोकं दुखायला लागलं, एकदा उलट्या झाल्या, पित्ताची औषधं झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेईपर्यंत बराच उशीर झाला होता. काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, आणि मी दाराशी उभी राहून ऐकलं. आईचा उजवा डोळा गेला. डावा राहिला, तोही नळीतून बघावं तसा, समोरचं तेवढं दिसणारा. ताटातली वाटी ती अजूनही हाताने चाचपून शोधते. आणि हे दुखणं आईकडून मुलीकडे येऊ शकतं, हेही त्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

त्या दुपारी मी पिस्तूल पेटीत ठेवलं आणि काकूंना म्हटलं, आज दमले.

पुढचा महिना-सव्वा महिना मी कुणाला काही बोलले नाही. बसमध्ये बसले की एक डोळा झाकून दुकानांच्या पाट्या वाचायची, मग दुसरा झाकून. ऑफिसात स्क्रीनच्या कोपऱ्यांकडे मान न वळवता बघायची. स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटकडे इतका वेळ टक लावून बघायची, की डोळ्यांत पाणी यायचं आणि पाण्यामुळे खरंच कडं दिसायचं. मग अजून भीती. रेंजवर रविवारी नेम बरा लागतो, याचंही उत्तर मी शोधून ठेवलं होतं. तिथे डोक्यावर चांगले दिवे आहेत, उजेड भरपूर आहे, म्हणून दुखणं लपतंय. भीती वाटायला लागली, की माणूस प्रत्येक गोष्ट तिच्याच बाजूने लावतो.

डॉक्टरांकडे जायचं धाडस होत नव्हतं. गेले असते तर ते खरं ठरलं असतं. जानेवारीत एक निवड स्पर्धा होती. मी सरांना फोन केला आणि सांगितलं, की मी येत नाही, ऑफिसात काम फार वाढलंय.

"तुझं नाव मी देऊन टाकलंय," सर म्हणाले. "आता ये नाहीतर नको येऊस, पण सराव सोडू नकोस." आणि त्यांनी फोन ठेवला.

म्हणून मी सवयीने गोठ्यात जात राहिले. छर्रे डावीकडे जात राहिले. आणि मनात ठरवून टाकलं, की संक्रांत झाली की पिस्तूल सरांना परत नेऊन द्यायचं.

डिसेंबरच्या अखेरीस काकूंच्या पुतणीचं लग्न निघालं. पाहुणे उतरणार होते, म्हणून काकूंनी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला काढल्या. अंगणातली दोरी भरली, ओट्याचा कठडा भरला, आणि एक चांगली जाडजूड, ओली गोधडी उरली. ती त्यांनी गोठ्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर टाकली. तिथे पूर्वी गवत आत टाकायला ठेवलेली एक रुंद उघडी जागा होती. गोधडीने ती पूर्ण झाकली गेली.

"आंधार झाला का गं? चालंल का?" त्यांनी विचारलं.

"चालेल," मी म्हटलं. मला काय, मी नुसती वेळ काढत होते.

पहिला छर्रा मारला. कागद जवळ जाऊन बघितला, तर मध्यभागाला लागून. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा जवळजवळ पहिल्याच भोकात. मी म्हटलं, योगायोग. अजून मारले. सगळे मध्ये. मग मी छर्रा न भरता नुसताच नेम धरला आणि माशीकडे बघितलं. डावी कड होती. उजवीसारखीच सरळ, स्वच्छ, काळी.

"काकू, ती गोधडी जरा वर उचलता का?"

"आगं, वाळत घातलीया न्हवं ती."

"फक्त जरा वेळ."

त्यांनी लसणाची पाटी बाजूला ठेवली, उठल्या आणि गोधडीचं टोक वर धरलं. उतरतीचं ऊन तिरपं आत आलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत माशीची डावी कड विरघळली. पांढुरकी चमक, भोवती पुसट कडं.

"सोडा."

कड परत आली.

"पुन्हा उचला."

कड गेली.

असं मी त्यांना किती वेळा करायला लावलं कोण जाणे. शेवटी त्या वैतागल्या. "गोधडी हाय का नाटकाचा पडदा? माजं हात भरून आलं, पोरी!"

मी पिस्तूल खाली ठेवलं, बाजेवर बसले आणि रडायला लागले. काकूंच्या हातातून गोधडी सुटून खाली कडब्यात पडली. त्या धावत माझ्याजवळ आल्या. "काय झालं? लागलं का कुटं? आगं बोल की!"

मग मी बोलले. आईचं, बल्बचं, काचबिंदूचं, बसमधल्या पाट्यांचं, सगळं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते त्या कांद्यांच्या वासात काकूंना सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि काकूंच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हती.

"म्हंजी ऊन पडल्यावर चमकतंय. तुजा डोळा बरा हाय," त्या म्हणाल्या.

"बहुतेक."

"मग आता कशाला रडतीयास?"

"म्हणूनच रडतेय, काकू."

त्या माझ्याजवळ सरकल्या. मग पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "रड मग. पर गोधडी तूच धुवायची आता."

मी पिस्तूल अंगणात उजेडात नेऊन माशी तिरकी धरून बघितली. मागून बघताना काळी दिसणारी ती, कडेने पार झिजलेली होती. आधीच्या मालकाने आणि मी मिळून वर्षानुवर्षं ती पेटीतून काढली होती, ठेवली होती, फडक्याने पुसली होती. मूळचा काळा थर कडांवरून निघून गेला होता आणि आतलं लोखंड विळीच्या पात्यासारखं लखलखत होतं. पावसाळ्यात ढग होते तोवर प्रश्न आला नाही. हिवाळ्यात दुपारचं ऊन तिरपं होऊन थेट डाव्या कडेवर पडायला लागलं. नेम काळ्या गोलाच्या जरा खाली, पांढऱ्यावर धरतात, त्यामुळे चमकणारी कड समोरच्या पांढऱ्या कागदात मिसळून जायची, डोळा उरलेल्या काळ्या भागालाच पूर्ण माशी समजायचा, तीच खाचेच्या मध्ये आणायचा, आणि नळी आपोआप डावीकडे वळायची. माझा डोळा दिसेल ते इमानाने बघत होता.

संध्याकाळी नवरा आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो खुर्चीत बसून बुटाच्या नाड्या सोडत होता, त्या तशाच अर्धवट राहिल्या.

"इतके दिवस तू एकटीच हे घेऊन फिरत होतीस?"

"हो. पण आता कळलं ना."

"पिस्तुलाचं कळलं," तो म्हणाला. "डोळ्यांचं अजून कळायचंय. उद्याच जाऊ."

मला वाटलं, झालं ना आता, कशाला उगीच. पण त्याचं बरोबर होतं, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी वाद घातला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टर बाई होत्या, पुण्यात. त्यांनी डोळ्यांतला दाब बघितला, थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आतली नस बघितली. मग एका पांढऱ्या अर्धगोलात हनुवटी टेकवून बसवलं. समोर एकटक बघायचं आणि कडेला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. नेमबाजीचाच प्रकार तो. मी श्वास रोखून बसले होते. मशीन चालवणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, श्वास घेतला तरी चालतो."

डॉक्टरांनी कागद बघितले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"नस छान आहे. दाब अगदी व्यवस्थित. सगळ्या बाजूंचं नीट दिसतंय. आईंना आहे म्हणून वर्षातून एकदा येत जा, चुकवू नका. बाकी काही नाही."

"आणि मला जे कडं दिसत होतं ते?"

"ते कशाभोवती दिसत होतं म्हणालात?"

मी पिस्तुलाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मोकळेपणाने हसल्या. "अहो, लोखंडावर ऊन पडलं तर मलाही चमक दिसेल. त्याला औषध माझ्याकडे नाही."

बाहेर आलो, तर थेंबांमुळे रस्त्यावरचं सगळं पांढरंफटक दिसत होतं. नवऱ्याने माझा दंड धरून मला भिंतीच्या सावलीत उभं केलं आणि आईला फोन लावून दिला. मी आईला सांगितलं, डोळे तपासले, सगळं चांगलं आहे. पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं.

"आई?"

"आहे गं," ती म्हणाली. "तुला कधी विचारायचं धाडस झालं नाही मला. दर फोनला वाटायचं, आज ही सांगेल की दिव्याभोवती काही दिसतंय. तू जेवणाचं बोलायचीस, ऑफिसचं बोलायचीस, आणि फोन ठेवला की मी म्हणायचे, चला, आज नाही."

म्हणजे मी सव्वा महिना भ्याले होते, आणि ती कितीतरी वर्षं. त्या भिंतीच्या सावलीत उभं राहून आम्ही दोघींनी बरंच काही बोलून घेतलं. नवरा ऊस चोखत असल्यासारखा चेहरा करून रस्त्याकडे बघत राहिला. त्याला डोळ्यांतलं पाणी लपवायला हाच चेहरा जमतो.

आता उरली माशी. मी पहिल्यांदा ऑफिसातला काळा मार्कर फासून बघितला. उन्हात धरला तर जांभळट चकाकी. मग काळा रंग लावला. त्याने कडा जाड झाल्या आणि तोही चकाकलाच. रविवारी सरांना सगळं सांगितलं. ते आधी रागावले, सांगायला काय झालं होतं म्हणून. मग माशी उलटसुलट करून बघितली.

"नवीन मागवू, पण ती यायला वेळ लागेल. तोवर काजळी धर. आम्ही तेच करायचो. कापूर पेटव, ज्योतीत नको, ज्योतीच्या वरच्या धुरात धर. कापराची काजळी दाट बसते आणि अजिबात चमकत नाही. फक्त बोट लावू नकोस, लगेच निघते."

माशी एका स्क्रूने निघायची. घरी येऊन मी ती काढली, चिमट्यात धरली, काकूंनी पणतीत कापराची वडी पेटवली. काळा, जाड धूर सरळ वर आला. माशी त्यात हळूहळू फिरवली. मखमलीसारखा थर बसला. कुठूनही उजेड पाडला तरी तो आतच जिरायचा. पिस्तुलावर बसवून नेम धरला, तर पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने आखावी तशी माशी. दोन्ही कडा जिथल्या तिथे. मी उगीचच कितीतरी वेळ नुसता नेम धरून उभी राहिले. दाबलंच नाही. बघायलाच इतकं बरं वाटत होतं.

गोठ्याच्या उघड्या जागेवर काकूंनी गोणपाटाचा पडदा टाकून दिला. नवरा रोज घरी आला की दारातच वास घ्यायचा आणि म्हणायचा, "आरती झाली वाटतं."

स्पर्धेच्या दिवशी काकूही निघाल्या. "एवढं गोधडी धरून हुबी ऱ्हायली, बगू तर खरं काय असतंय," म्हणाल्या. नवऱ्याने मित्राची गाडी आणली होती. काकू ठेवणीतलं इरकल नेसून पुढच्या सीटवर बसल्या आणि वाकडपर्यंत कुठल्या जागेवर पूर्वी कोणाचं वावर होतं ते सांगत राहिल्या.

तिथे आधी हत्याराची तपासणी असते. ट्रिगर ओढायला किती वजन लागतं ते बघतात, पिस्तूल ठरलेल्या मापाच्या डब्यात बसतं का बघतात. तपासणीला एक वयस्कर, सज्जन गृहस्थ बसले होते. त्यांनी पिस्तूल उचललं आणि त्यांचा अंगठा माशीवर पडला. अंगठा काळा झाला. त्यांनी खिशातून रुमाल काढला, आधी अंगठा पुसला आणि मग, माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत, माझी माशीही छान घासून पुसली.

"काहीतरी लागलं होतं, साफ केलं," ते म्हणाले आणि पिस्तूल माझ्या हातात दिलं. माशी नव्या ताटलीसारखी चमकत होती.

हॉलच्या डाव्या बाजूला उंचावर काचा होत्या, आणि सकाळचं ऊन त्यांतूनच येत होतं.

मी त्यांना काजळीचं सांगितलं. ते इतके ओशाळले की मलाच वाईट वाटलं. आत काही पेटवायला मनाई होती. "माशी तेवढी काढून बाहेर न्या," ते म्हणाले, "परत बसवलीत की दाखवा फक्त. मी हात लावणार नाही."

पिस्तूल सरांच्या ताब्यात दिलं. कापराची डबी आणि काडेपेटी पिशवीत होतीच. हॉलच्या मागे गेलो तर वारा. काडी पेटायची आणि विझायची. काकूंनी पदर सोडून एका बाजूने आडोसा केला, नवऱ्याने जॅकेट काढून दुसऱ्या बाजूने. मधे मी उकिडवी बसून चिमट्यात माशी धरलेली. तेवढ्यात तिथला रखवालदार आला.

"ए, ए! इथे पूजाबिजा करायची नाही."

"पूजा न्हाई रं बाबा," काकू मान न वळवता म्हणाल्या. "माशीला काजळ घालतीया पोरगी. तूबी ये, हितं फट ऱ्हायलीया, हुबा ऱ्हा."

आणि तो खरंच येऊन उभा राहिला. चारी बाजूंनी आडोसा झाला आणि कापूर पेटला.

मी आत जाऊन माशी बसवली. तपासणीच्या गृहस्थांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून, वाकून ती बघितली आणि मान डोलावली. स्क्रू सोडून पुन्हा बसवलेली माशी किंचित सरकलेली असते, म्हणून सरावाच्या छर्ऱ्यांत मी नेम थोडा जुळवून घेतला. मग मुख्य डाव सुरू झाला. डावीकडच्या काचांतून ऊन येत होतं, माझ्या हातावर पडत होतं, आणि माशी जशीच्या तशी काळी होती. मला आठवतं, मध्येच एकदा मी हात खाली घेतला आणि मनात आलं, मला दिसतंय. एवढंच. आजूबाजूच्या मुली घामेजल्या होत्या. मला मात्र असं वाटत होतं, की जे व्हायचं ते चांगलं आधीच झालंय, आता हे वरचं.

पदक मिळालं नाही. पुढच्या फेरीच्या यादीत मात्र नाव आलं, शेवटून दुसरं. सर म्हणाले, "काम फार आहे ना ऑफिसात?" मी म्हटलं, "कमी झालंय, सर."

काकूंना फारसं काही पटलं नव्हतं. "हात वर करायचा, खाली घ्यायचा, पुन्ना वर करायचा. मला तर डुलकी लागली," त्या म्हणाल्या. पण रखवालदाराशी त्यांची ओळख झाली होती. तो मुठा गावचा निघाला आणि त्याच्या आत्याला त्या ओळखत होत्या, त्यामुळे त्यांचा दिवस कारणी लागला होता.

परत येताना मी मागच्या सीटवर एकटी होते. पुढे काकू आणि नवरा बोलत होते, लग्नातल्या जेवणाबद्दल काहीतरी. कधी झोप लागली कळलं नाही. जाग आली तेव्हा गाडी थांबलेली होती, चारी काचा खाली केलेल्या, आणि माझ्या अंगावर नवऱ्याचं जॅकेट. मारुंजीत, काकूंच्या अंगणातल्या चिंचेखाली गाडी उभी होती. त्यांनी मला उठवलं नव्हतं. समोर ओट्यावर दोघं बसून चहा पीत होते, आणि माझा कप बशी पालथी घालून बाजूला ठेवला होता.